थ्रेशोल्ड सगळ्यात शेवटी: विमानाच्या नियंत्रण यंत्रणेतला बिघाड आकडेवारीने कसा पकडावा

बिघाड ओळखणारे मॉनिटर तपासताना माझ्यासमोर वारंवार एकच चित्र येतं. कोणीतरी कमांड आणि प्रत्यक्ष स्थिती यांची वजाबाकी केलेली असते, त्यावर ३ सिग्माची (सिग्मा म्हणजे प्रमाणित विचलन, आकड्यांच्या चढउताराचं माप) रेघ मारलेली असते आणि रेघ ओलांडली की बिघाड, असं ठरवलेलं असतं. सिम्युलेशनमध्ये हे झकास चालतं. खऱ्या उड्डाणाच्या नोंदींवर चालवलं की साप साप म्हणून भुई धोपटणं सुरू होतं.

गणित चुकलेलं नसतं, क्रम चुकलेला असतो. थ्रेशोल्ड, म्हणजे ती रेघ, आधी निवडायचा नसतो. निरोगी यंत्रणेचा स्वभाव मोजला, खोट्या इशाऱ्यांचं बजेट ठरवलं आणि योग्य चाचणी निवडली की तो हिशोबातून बाहेर पडतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. उदाहरण सगळीकडे एकच धरलंय: एलेव्हेटर (विमानाचं नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा पृष्ठभाग) हलवणारा हायड्रॉलिक ॲक्ट्युएटर, त्याच्या स्थितीचा सेन्सर आणि सेकंदाला ५० नमुने.

## टप्पा १: बिघाडांची यादी, आकड्यांसकट

कोड उघडण्याआधी एक तक्ता करा. प्रत्येक बिघाडासमोर चार गोष्टी हव्यात: बिघाड कसा दिसतो, किती मोठा झाला की पकडायलाच हवा, किती वेळात पकडायला हवा आणि पकडल्यावर यंत्रणा काय करणार.

ॲक्ट्युएटर एका जागी अडकणं, स्वतःहून टोकाला धावणं, ताकद कमी होणं, दोलन करत राहणं हे ॲक्ट्युएटरचे प्रकार. सेन्सरच्या बाजूने अचानक सरकणं, हळूहळू भरकटणं, गोठणं आणि आवाज (नॉइज, म्हणजे मोजमापातला यादृच्छिक चढउतार) वाढणं. टोकाला धावणारा एलेव्हेटर सेकंदाच्या छोट्या अंशात थांबवावा लागतो. हळू भरकटणाऱ्या सेन्सरला मिनिटं मिळतात. दोघांना एकाच चाचणीने पकडायचा हट्ट धरला तर एकही नीट पकडला जात नाही.

चौथा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. तो का लागतो, तर खोट्या इशाऱ्याची किंमत तिथेच कळते. इशारा फक्त देखभालीच्या नोंदीत जाणार असेल तर थोडी कुरकुर चालते. इशाऱ्यावरून निरोगी ॲक्ट्युएटर बंद होणार असेल, तर प्रत्येक खोटा इशारा हा तुम्हीच घडवलेला बिघाड.

तपासणी: खोट्या इशाऱ्याचा दर 'प्रति नमुना' लिहिलाय की 'प्रति उड्डाण-तास'? फक्त दुसरा चालेल. मोठ्या प्रवासी विमानांच्या नियमांत विनाशकारी स्थितीची शक्यता उड्डाण-तासाला साधारण १०⁻⁹ च्या पातळीवर मागितली जाते. तिथेही हिशोब तासाचाच आहे.

## टप्पा २: निरोगी डेटा गोळा करा आणि वेळा जुळवा

बिघाडाचा डेटा नाही म्हणून लोक अडून बसतात. खरी गरज निरोगी डेटाची असते, आणि तोही सगळ्या परिस्थितींतला: टॅक्सी, टेकऑफ, चढण, क्रूझ, फ्लॅप बाहेर असतानाचं उतरणं, खडबडीत हवा, थंड हायड्रॉलिक तेल. नुसत्या क्रूझच्या डेटावर बेतलेला मॉनिटर लँडिंगला ओरडणारच.

मग वेळांचा ताळमेळ. कमांड एका संगणकातून येते, स्थिती दुसऱ्यातून, आणि मध्ये बसचा (संगणकांना जोडणाऱ्या डेटा-वाहिनीचा) विलंब असतो. एकाच नमुन्याचा म्हणजे २० मिलिसेकंदांचा फरक राहिला आणि पृष्ठभाग सेकंदाला २० अंश वेगाने फिरत असला, तर ०.४ अंशांचा तफावतीचा भास तयार होतो. सेन्सरचा आवाज ०.१ अंश सिग्मा असेल तर हा भास ४ सिग्माचा झाला. कुठेही काही बिघडलेलं नाही!

कमांड आणि स्थिती यांचं क्रॉस-कोरिलेशन (एक सिग्नल मागेपुढे सरकवत दुसऱ्याशी किती जुळतो ते) काढा, शिखर कुठे येतं ते पाहा. त्यातला ॲक्ट्युएटरच्या स्वतःच्या गतिकीचा वाटा मॉडेलमध्ये जाईल. उरलेला संपर्काचा विलंब इथेच काढून टाका.

इशारा: डेटाच्या ओळी पिसून ८०-२० अशा वाटू नका. शेजारशेजारचे नमुने जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे चाचणीच्या डेटात प्रशिक्षणाचाच डेटा शिरतो. विभागणी अख्ख्या उड्डाणांची करा.

तपासणी: गहाळ नमुन्यांच्या जागी आधीचाच आकडा भरलेला आहे का? असेल तर तुमचा 'निरोगी' डेटा छोट्या छोट्या गोठण्यांनी भरलेला आहे आणि गोठणं पकडणारी चाचणी तो शिकून घेईल.

## टप्पा ३: रेसिड्युअल तयार करा

रेसिड्युअल म्हणजे मोजलेलं वजा अपेक्षित. अपेक्षित आकडा मॉडेलमधून येतो. ॲक्ट्युएटरसाठी फर्स्ट-ऑर्डर किंवा सेकंड-ऑर्डर मॉडेल बऱ्याचदा पुरतं, पण त्यात वेगाची आणि टोकाची मर्यादा असलीच पाहिजे. ती विसरली की जोरदार कमांड आली रे आली, मॉडेल पुढे पळतं, खरा ॲक्ट्युएटर आपल्या कमाल वेगाने जात राहतो आणि रेसिड्युअल फुगतो. सगळ्यात जास्त खोटे इशारे मी याच चुकीतून आलेले पाहिलेत.

दुसरी चूक जास्त फसवी आहे: बिघाड विमानाच्या हालचालीत शोधणं. ऑटोपायलट किंवा फ्लाय-बाय-वायरचा (संगणकामार्फत चालणाऱ्या नियंत्रणाचा) लूप बंद असतो, म्हणजे मोजलेला परिणाम परत नियंत्रकाकडे येतो. एका एलेव्हेटरची ताकद निम्मी झाली तर नियंत्रक कमांड वाढवून विमान सरळच ठेवतो. विमानाचा कोन शांत दिसतो आणि बिघाड कमांडमध्ये दडून बसतो. म्हणून तुलना कमांड आणि पृष्ठभाग यांची करा. विमानाचा प्रतिसाद पाहायचाच असेल तर खऱ्या पृष्ठभाग-स्थितीवरून तो किती यायला हवा होता, याच्याशी ताडून पाहा.

तिसरी चूक काल्मन फिल्टर (मॉडेल आणि मापं मिसळून स्थितीचा अंदाज काढणारी पद्धत) वापरणाऱ्यांची. इनोव्हेशन, म्हणजे नवं माप वजा फिल्टरचा अंदाज, हा उत्तम रेसिड्युअल आहे, पण फिल्टर ज्या सेन्सरवर विश्वास ठेवतो तोच बिघडला तर फिल्टर त्या चुकीच्या आकड्याकडे सरकू लागतो. उडी दिसते आणि काही क्षणांत विरते. प्रोसेस नॉइज (मॉडेल किती चुकू शकतं याचा धरलेला आकडा) जितका सढळ हाताने ठेवाल तितकी ती लवकर विरते. ट्रॅकिंग सुंदर दिसावं म्हणून प्रोसेस नॉइज वाढवणारा माणूस मॉनिटरला आंधळा करत असतो. त्यामुळे ट्रॅकिंगचा आणि मॉनिटरचा फिल्टर वेगळे ठेवा.

तपासणी: बिघाड नसताना जोरदार स्टेप कमांड द्या. रेसिड्युअलमध्ये कमांडचा आकार ओळखू येत असेल तर मॉडेल अपुरं आहे. पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: रेसिड्युअल खरंच निरोगी आहे का?

हा टप्पा गाळला जातो, आणि बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं असतं. पुढच्या प्रत्येक सूत्रात एक गृहीतक दडलेलं आहे: निरोगी रेसिड्युअलची सरासरी शून्य आहे, व्हेरिअन्स (सिग्माचा वर्ग) माहीत आहे आणि एका नमुन्याचा पुढच्याशी संबंध नाही.

सरासरी आणि व्हेरिअन्स प्रत्येक परिस्थितीसाठी वेगवेगळे काढा. सगळ्या उड्डाणाचा एकच सिग्मा काढला तर तो क्रूझसाठी फार मोठा आणि खडबडीत हवेसाठी फार छोटा ठरतो.

मग ऑटोकोरिलेशन, म्हणजे रेसिड्युअलचं स्वतःच्याच आधीच्या नमुन्यांशी नातं; किती नमुने मागे पाहतो तो लॅग. एका मिनिटाचे ३,००० नमुने घेतले तर व्हाइट नॉइजसाठी (ज्यात नमुन्यांचा एकमेकांशी संबंध नसतो) ९५ टक्क्यांची पट्टी १.९६ भागिले ३,००० चं वर्गमूळ, म्हणजे साधारण ±०.०३६. शंभर लॅग पाहिले तर पाचेक बाहेर पडणारच, त्याने घाबरू नका. पण पहिल्याच लॅगला ०.९ दिसलं तर थांबा.

०.९ म्हणजे काय होतं ते आकड्यांत बघू. रेसिड्युअल व्हाइट करायला प्रत्येक नमुन्यातून आधीच्या नमुन्याच्या ०.९ पट वजा करतात. आवाजाचा सिग्मा मूळच्या सुमारे ०.४४ पट होतो, पण कायमचं सरकणं ०.१ पटच उरतं. म्हणजे कागदावर १ सिग्माचा वाटणारा बिघाड प्रत्यक्षात ०.२३ सिग्माचा! सेकंदाला ५० नमुने मिळतात या आनंदात असलात, तरी सरासरीच्या दृष्टीने १९ नमुन्यांमागे एकाचीच माहिती हाती येते. सॅम्पलिंग दुप्पट केल्याने बिघाड दुप्पट लवकर सापडत नाही तो म्हणूनच.

व्हाइटनिंग केल्यावर सरकणं किती उरलं, ते टप्पा १ च्या तक्त्यात परत जाऊन लिहा.

तपासणी: काल्मन फिल्टर असेल तर इनोव्हेशनचा वर्ग त्याच्या कोव्हेरिअन्सने (फिल्टरने स्वतः सांगितलेल्या अनिश्चिततेने) सामान्य करून सरासरी काढा. तीन मापांसाठी ती ३ च्या आसपास यायला हवी. ६ आली तर फिल्टर स्वतःबद्दल नको इतका खात्रीशीर आहे, १.५ आली तर उगाच घाबरट.

इशारा: सरासरी जुळली म्हणजे शेपटी (टोकाकडचे क्वचित येणारे मोठे आकडे) जुळली असं नाही. खोटे इशारे शेपटीतूनच येतात. हिस्टोग्रामच्या मधल्या घंटेकडे पाहून खूश होण्याऐवजी क्यू-क्यू आलेख (प्रत्यक्ष आकडे सामान्य वितरणाच्या अपेक्षित आकड्यांसमोर मांडणारा) काढा आणि दोन्ही टोकं कुठे वळतात ते बघा.

## टप्पा ५: बिघाडागणिक चाचणी

मोठी, अचानक उडी. साधा थ्रेशोल्ड आणि 'सलग इतके नमुने बाहेर' अशी अट. इथे एक हमखास चूक होते: एका नमुन्याची शक्यता ०.००२७ म्हणून सलग दहाची ०.००२७ चा दहावा घात असा गुणाकार. नमुने एकमेकांशी बांधलेले असतील तर हा आकडा निव्वळ स्वप्न आहे. एक बाहेर गेला की पुढचेही जातातच.

छोटं, कायमचं सरकणं. इथे क्युसम. सामान्य केलेल्या रेसिड्युअलमधून प्रत्येक नमुन्याला एक ठरावीक वजावट काढा, बेरीज करत जा आणि बेरीज शून्याखाली गेली तर शून्यावर आणा. बेरजेने ठरलेली मर्यादा ओलांडली की इशारा. वजावट पकडायच्या सरकण्याच्या निम्मी, म्हणजे १ सिग्मासाठी ०.५. वरच्या आणि खालच्या दिशेसाठी दोन बेरजा ठेवा.

मर्यादा किती? कारखान्यातल्या गुणवत्ता-नियंत्रणाच्या पुस्तकांत ४ किंवा ५ लिहिलेली असते आणि लोक तीच उचलतात. मर्यादा ५ असताना दोन्ही बाजू धरून सरासरी ४६५ नमुन्यांनी एक खोटा इशारा येतो. तासाला एक नमुना घेणाऱ्या कारखान्याला ते चालतं. सेकंदाला ५० नमुने घेणाऱ्याला दर ९.३ सेकंदांनी घंटा! ३ सिग्माच्या साध्या रेघेचं तर त्याहून वाईट, सरासरी ७.४ सेकंद.

१,००० तासांत एक खोटा इशारा हवा असेल, तर १८ कोटी नमुन्यांत एक. सीगमुंडच्या सन्निकट सूत्राने मर्यादा साधारण १८ येते. १ सिग्माचं सरकणं पकडायला मर्यादा ५ ला सरासरी १० नमुने लागत होते, आता ३६ लागतात, म्हणजे पाऊण सेकंदाच्या आत. खोटा इशारा ९ सेकंदांवरून १,००० तासांवर गेला आणि उशीर अर्ध्या सेकंदाने वाढला. मर्यादा वाढवली की खोट्या इशाऱ्यांमधलं अंतर घातांकी वेगाने वाढतं, विलंब मात्र सरळ रेषेत. हे एकदा डोक्यात बसलं की मर्यादा वाढवायची भीती जाते. अट तीच, टप्पा ४ ची: रेसिड्युअल व्हाइट हवा आणि शेपट्या जाड नकोत.

हळू भरकटणं. कमी वजावटीचा क्युसम, किंवा बिघाड कधी सुरू झाला आणि किती मोठा आहे हे दोन्ही शोधणारी जनरलाइज्ड लाइकलिहूड रेशो पद्धत. ती महाग असते, कारण प्रत्येक संभाव्य सुरुवातीसाठी गणित करावं लागतं. खिडकी मर्यादित ठेवा.

गोठणं. हा बिघाड थ्रेशोल्डवाल्यांच्या हातून निसटतो, कारण गोठलेला सेन्सर फार सभ्य दिसतो. इथे व्हेरिअन्स वाढण्याऐवजी नाहीसा होतो. खिडकीतला व्हेरिअन्स खालच्या मर्यादेशीही ताडून पाहा. ही चाचणी कमांड हलत असतानाच चालू ठेवा, नाहीतर पार्किंगमध्ये उभं विमानही गोठलेलं ठरेल.

दोलन. क्युसम इथे उपयोगाचा नाही, वरची आणि खालची अर्धी लाट एकमेकींना खोडते. ठरलेल्या वारंवारतेच्या पट्ट्यातून रेसिड्युअल गाळा आणि धन व ऋण मर्यादा आलटून पालटून ओलांडणाऱ्या अर्ध्या लाटा मोजा. दोन प्रकार वेगळे हाताळावे लागतात: मूळ सिग्नलवर चढलेलं दोलन, ज्याला 'लिक्विड' म्हणतात, आणि मूळ सिग्नलची जागाच घेणारं 'सॉलिड'.

वाल्डची एसपीआरटी चाचणी (निरोगी की बिघडलेलं, याचा पुरावा नमुन्यागणिक साठवत जाणारी) मी सतत पहाऱ्याला लावत नाही. तिचं काम निकाल देऊन थांबण्याचं. शून्यावर न आणता ती तासभर चालवली तर 'निरोगी'च्या बाजूला इतका साठा जमतो की बिघाड आल्यावर आधी तो फेडावा लागतो. उड्डाणापूर्वीच्या स्वयंचाचणीसाठी ती छान आहे.

## टप्पा ६: आता थ्रेशोल्ड

सूत्रातून आलेला आकडा ही सुरुवात. तो न वापरलेल्या निरोगी उड्डाणांवर चालवा आणि खोटे इशारे मोजा.

एकही आला नाही तर? 'शून्य' असं लिहू नका. एकही घटना न दिसलेल्या तासांनी ३ ला भागा, ती ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा. ३०० तास स्वच्छ गेले तर दर १०० तासांत एकापेक्षा कमी, एवढंच म्हणता येतं. यावरून हेही दिसतं की १०⁻⁹ चा दावा नुसत्या डेटाने कधीच सिद्ध होत नाही. तो स्वतंत्र चॅनेल, वेगळी हार्डवेअर आणि वेगळं सॉफ्टवेअर यांच्या रचनेतून बांधावा लागतो.

इशारा: अहवालात '९९.९ टक्के अचूकता' लिहू नका. सेकंदाला ५० निर्णय म्हणजे तासाला १,८०,०००. त्यातले ०.१ टक्का चुकले तर तासाला १८० चुका.

## टप्पा ७: बिघडलंय कोण?

कमांड हलली आणि स्थितीचा आकडा हलला नाही. ॲक्ट्युएटर अडकला की सेन्सर गोठला? या दोन आकड्यांवरून ते कधीच कळणार नाही. तिसरा साक्षीदार लागतो: पिच रेट (नाक वर-खाली होण्याचा वेग) बदलला का, शेजारच्या ॲक्ट्युएटरचा दाब काय म्हणतो.

तीन सेन्सर असले तर मधला आकडा घेणं सोपं आणि मजबूत आहे, पण बहुमत म्हणजे सत्य नव्हे. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिल्बाओहून निघालेल्या एका एअरबस ए३२१ चे दोन अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन) सेन्सर जवळपास सारख्याच कोनात गोठले. खरं सांगणारा तिसरा एकटा पडला आणि बाद झाला. संगणकाने नाक खाली घातलं, विमानाने सुमारे ४,००० फूट उंची गमावली आणि मग वैमानिकांनी ते सावरलं. दोन सेन्सर एकाच कारणाने बिघडू शकत असतील, तर त्यांची शक्यता गुणू नका.

वेळेची अटही फसवते. ७ ऑक्टोबर २००८ ला ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ क्वांटासच्या एअरबस ए३३० मध्ये अँगल ऑफ अटॅकच्या आकड्यांत टोकदार उड्या येत होत्या. उडी दिसली की संगणक आधीचा आकडा पुढचे १.२ सेकंद धरून ठेवत असे. दोन उड्यांमधलं अंतर नेमकं १.२ सेकंदांचं पडलं, तेव्हा दुसरी उडी खरी मानली गेली आणि विमान अचानक खाली झुकलं. एका उडीची चाचणी पास झाली की काम झालं असं समजणाऱ्यांनी ही घटना तक्त्याच्या वर चिकटवावी.

## टप्पा ८: बिघाड घालून चाचणी

नोंदवलेल्या डेटात आकडे मिसळून घातलेला बिघाड फक्त लूपबाहेरच्या सेन्सरसाठी खरा असतो. लूपमधला सेन्सर सरकला तर नियंत्रक वेगळा वागला असता, विमान वेगळं उडालं असतं. म्हणून बंद लूपच्या सिम्युलेशनमध्येच बिघाड घाला. सरावासाठी नासाचं ५.५ टक्के आकाराच्या वाहतूक विमानाचं जीटीएम मॉडेल चांगलं आहे.

बिघाडाची वेळ, दिशा, आकार आणि हवेची स्थिती यादृच्छिक ठेवा, पण सगळ्यात वाईट क्षण मुद्दाम घाला: फ्लेअरच्या (टेकण्याआधी नाक उचलण्याच्या) वेळी, वेग-मर्यादा लागलेली असताना, मोड बदलण्याच्या नमुन्यावर. नंतर एकाच बिघाडाच्या जागी दोन उड्या द्या आणि त्यांच्यातलं अंतर तुमच्या स्वतःच्या प्रत्येक टायमरएवढं ठेवून पाहा.

विलंबाची सरासरी देऊ नका, ९९ वा पर्सेंटाइल द्या. सरासरी ०.७ सेकंद आणि ९९ वा २.५ असेल, आणि तक्त्यात १ सेकंद लिहिला असेल, तर मॉनिटर नापास.

तपासणी: मॉनिटर सुरू होतानाचे पहिले काही सेकंद, बस तुटून पुन्हा जोडल्यानंतरचे नमुने आणि रीसेटनंतर क्युसमची बेरीज खरंच शून्यावर जाते का, हे वेगळं चालवून पाहा. एकदा लागलेला इशारा आपोआप उतरणार की जमिनीवर येईपर्यंत टिकणार, हेही टप्पा १ च्या चौथ्या रकान्यात लिहा. आपोआप उतरणार असेल तर उतरण्याची मर्यादा लागण्याच्या मर्यादेपेक्षा खाली ठेवा, नाहीतर इशारा दिव्यासारखा लुकलुकत राहील.